संदर्भ हेच आपले हत्यार
पालघर-बोईसरची आपली मुले एम.ए.चा प्रबंध लिहिताना विचारतात, "संदर्भ कसा द्यायचा?" आम्ही त्यांना १९१६ सालाकडे नेतो.

९ मे रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांची नावे घेऊन, त्यांच्या व्याख्या आधी मांडून, मगच त्या तपासल्या.

आज बाबासाहेबांच्याच नावाने खंड-पानाशिवाय वाक्ये फिरतात. विरोधक एक खोटे वाक्य पकडतो आणि आपला खरा मुद्दाही बुडतो.

मित्रांनो, तो निबंध शासनाने १९७९ साली काढलेल्या, वसंत मून संपादित पहिल्या खंडात आहे. तो उघडा. लेखक, ग्रंथ, वर्ष, पान लिहा. अडले तर ग्रंथपालाला विचारा. विचारण्यात कसली लाज?

जय भीम!