हलक्या नाण्यावरचा सम्राट

रोमन नाणे म्हटले की आपणांस सोन्याचांदीचेच नाणे आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. मिरी नेण्यासाठी आलेल्या जहाजांतून दक्षिण हिंदुस्थानात उतरले ते मुख्यत्वे तेच. परंतु खुद्द रोममधील हमालाच्या मुठीत काय असे? आम्हांस तो प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

ऑगस्टसने ही हलकी नाणी नव्याने लावून दिली. त्यांस सरसकट ब्राँझची म्हणण्याचा प्रघात असला, तरी सेस्टर्शियस व डुपॉन्डियस ही पितळेची आणि ॲस व क्वाड्रन्स ही तांब्याची. चांदीच्या एका दिनारास १६ ॲस, एका ॲसला ४ क्वाड्रन्स. आणि एका क्वाड्रन्सात सार्वजनिक स्नानगृहात न्हाता येई. सम्राटाचा चेहरा गरिबाच्या हाती पोहोचे तो या नाण्यांवरून.

हे मर्म कॅलिग्युलाने (इ. स. ३७ ते ४१) पुरते ओळखले होते. त्याच्या एका सेस्टर्शियसवर एकीकडे त्याचा मुखवटा आणि दुसरीकडे त्याच्या तीन बहिणी, देवतांच्या रूपात, नावांनिशी. दुसऱ्या एकावर तो आपल्या शरीररक्षक पथकांपुढे भाषण करीत उभा आहे. आणि पितळेच्या नाण्यांवर एरवी आढळणारी, सिनेटच्या ठरावाची द्योतक अशी 'एस सी' ही अक्षरे तेथे नाहीत! हे अनवधानाने घडले असेल, असे आम्हांस वाटत नाही. क्वाड्रन्सवर मात्र चेहराच नाही. तेथे आहे ती मुक्त झालेल्या गुलामाने घालावयाची टोपी, आणि मागे लिलावाच्या विक्रीवरील दोनशेवा हिस्सा कर माफ केल्याची तीन अक्षरे.

इ. स. ४१ मध्ये त्याचा वध झाला. ४३ मध्ये सिनेटने त्याच्या प्रतिमेची हलकी नाणी वितळविण्याचा हुकूम काढला. इतिहासकार कॅशियस डायो सांगतो की त्या धातूतून नव्या सम्राटाची पत्नी मेसॅलिना हिने म्नेस्टर नावाच्या नटाचे पुतळे घडविले. काही नाण्यांवर त्याच्या नावाचे आद्याक्षर छिन्नीने खरवडलेले दिसते. म्हणजे नाणे टाकून देणे परवडत नव्हते, पण नाव नको होते. बिनचेहऱ्याचा क्वाड्रन्स त्या हुकुमात बसत नव्हता. कॅलिग्युलाची ती लहानगी तांब्याची नाणी आजही संग्राहकांस सहज मिळतात.