'बदली', 'मस्टर' आणि 'शिफ्ट' : कामाच्या शब्दांचा मुंबई ते सुरत प्रवास

सुरत शहराच्या आग्नेय भागातील नवागाम, दिंडोली, लिंबायत या वस्त्यांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती व हिंदी असा त्यांचा व्यवहार. कामाच्या ठिकाणी मात्र यांपैकी कोणतीही एक भाषा पुरी पडत नाही. 'लूम्सच्या खात्यात डबल शिफ्ट' या छोट्या वाक्यखंडात तीन शब्द इंग्रजी आहेत; 'खाते' तेवढे आपले. कामगाराच्या तोंडी असलेल्या या मिश्र शब्दसंग्रहाला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. यंत्रे विलायतेहून आली आणि त्यांच्याबरोबर बॉबिन, बीम, स्पिंडल हे शब्दही आले. माग मात्र गिरणगावात 'साचा'च राहिला. माणसांची मोजदाद आणि देखरेख यांचे शब्द यंत्राबरोबर आले नाहीत, ते आधीपासून दप्तरात होते. हजेरी, मुकादम, रोजंदारी, बदली हे सारे अरबी-फारसी वळणाचे शब्द. मराठेशाहीत गावच्या पाटलालाही 'मुकदम' म्हणत. तोच शब्द कामगारांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्याला लागला. 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. 'जॉबर' मात्र इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला गेला. माग दुरुस्त करणारा, माणसे भरणारा आणि काढणारा असा एकाच व्यक्तीत सामावलेला अधिकारी गिरणीपूर्वी येथे नव्हता, हे त्याचे कारण असावे. या जॉबराच्या हातून कामगारभरती काढून घ्यावी, अशी शिफारस रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात केली.

या सर्वांत 'बदली' या शब्दाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. मूळ अरबी 'बदल'. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. इंग्रजीत यासाठी शब्द नव्हता असे नाही. तरीही १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील आदर्श नियमांत कामगारांचे वर्ग सांगताना 'बदली' हाच शब्द रोमन लिपीत घातला गेला. गिरणीच्या दारातला शब्द इंग्रजी कायद्यात जाऊन बसला.

तेथे त्याला वजन आले. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये 'ले-ऑफ'चे प्रकरण जोडण्यात आले. मालकाने तात्पुरते काम न दिल्यास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी, पण ती ज्याचे नाव 'मस्टर रोल'वर आहे आणि ज्याची वर्षभर सलग नोकरी झाली आहे त्यालाच. बदली व नैमित्तिक कामगार वगळले गेले. अर्थात बदलीने तेथेच वर्षभराची सलग नोकरी पुरी केली, तर त्याला या कारणासाठी बदली समजू नये, असेही कायद्याने म्हटले. '२४० दिवस' हा वाक्प्रचार कामगारांच्या बोलण्यात रुजला तो या सलग नोकरीच्या हिशेबातून. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही 'बदली' शब्द टाळलेला नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकन वापरात 'ले-ऑफ' म्हणजे बहुधा नोकरीच जाणे. भारतीय कायद्यात ले-ऑफ झालेल्याचे नाव मस्टरवर कायम असते. कपात हा वेगळा शब्द, वेगळे कलम. वर्तमानपत्रे हा भेद पाळत नाहीत. 'टाळेबंदी'चेही तसेच झाले. मालकाने कारखान्याला लावलेल्या टाळ्याचा हा जुना शब्द २०२० मध्ये साथीच्या निर्बंधांना लावला गेला आणि कोणी कोणाला कोंडले, हा अर्थच पुसट झाला.

सुरतेच्या यंत्रमागांवर याच शब्दांचा अर्थ पुन्हा बदलला. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराचा दिवस नऊ तासांचा, आठवडा ४८ तासांचा आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला होता. यंत्रमागाच्या खात्यात मात्र 'शिफ्ट' म्हणजे बारा तास, हे अंगवळणी पडले. मजुरी मीटरवर मिळत असल्याने 'ओव्हरटाइम' हा शब्द वापरण्याचा प्रसंगच येत नाही. आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर ठेवून दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवण्याची तरतूद गुजरातने २०२५ मध्ये केली.

येथे 'कामगार' हा शब्दही कमी ऐकू येतो; मागावरचा माणूस 'कारीगर' असतो. फारसीतून आलेला हा शब्द कसबाचा मान देतो खरा, पण नोकरीचे नाते सांगत नाही. यान ब्रेमन यांच्यासारख्या दक्षिण गुजरातच्या अभ्यासकांनी लेखी पुराव्याविना चालणाऱ्या या रोजगाराचे तपशील नोंदवले आहेत. अशा खात्यात हजेरीची वही असते, तिच्यात मीटर मांडले जातात, उचल वजा होते. 'हजेरी' आणि 'मस्टर' यांचा कोशातला अर्थ जवळपास एकच. मात्र भरपाईचे कलम मस्टरवरचे नाव मागते, आणि २४० दिवस मोजायला कारीगराजवळ त्या वहीची नक्कलही नसते.