बारावीनंतरची पाच वर्षं

मी आधी बी.कॉम. केलं, मग लॉ. आमच्या वेळी रस्ता तोच होता. साताऱ्याच्या बाररूममध्ये माझ्याजवळ बसणारी ज्युनिअर मात्र बारावी होताच कायद्याकडे वळली आणि तेविसाव्या वर्षी तिला सनद मिळाली. हा बदल का झाला, हे आमच्या पेशातल्या पुष्कळांनाही नीट ठाऊक नसतं.

आधी पदवी, मग कायदा हा क्रम मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीपासूनचा. न्यायमूर्ती रानडे 1862 साली बी.ए. झाले आणि 1866 साली एलएल.बी. टिळकांची बी.ए.ची पदवी 1877 ची, कायद्याची 1879 ची. पुढे लॉ कॉलेजांचे वर्ग सकाळी नाहीतर संध्याकाळी भरू लागले, कारण विद्यार्थी दिवसा कचेरीत किंवा शाळेत नोकरीला असायचे. घर चालवता चालवता वकील होण्याची ती सोय मोलाची होती. पण तिच्यामुळेच कायद्याला शेवटची जागा मिळाली. दुसरं काही जमलं नाही तर लॉ करून ठेव, हा सल्ला मी घरोघरी ऐकला आहे.

1961 चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. पुढे 12 मार्च 1967 नंतर कायद्याची पदवी घेणाऱ्यांना तीन वर्षांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. म्हणजे पदवीची तीन आणि कायद्याची तीन. वर्षं वाढली तरी अभ्यासावरची निष्ठा वाढली नाही. म्हणून 1982 साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणायचं ठरवलं. पालकांना त्यात वाचणारं एक वर्ष दिसलं. माझ्या मते खरी गोष्ट वेगळी होती. मूल अठराव्या वर्षी कायदा स्वतःहून निवडेल, पूर्णवेळ शिकेल, आणि इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र कायद्याच्या बरोबरीनेच वाचेल, ही ती गोष्ट.

ती करून दाखवली बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने. कर्नाटकच्या 1986 च्या कायद्याने ते उभं राहिलं, पहिली तुकडी 1988 साली आली. संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन. दिल्ली विद्यापीठात शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना विधी साहाय्याच्या कामात उतरवलं होतं, आणि तीच दृष्टी त्यांनी बंगळूरला नेली. वर्षाची तीन सत्रं, तासाला येण्याआधी निवाडे वाचून येण्याची शिस्त, मूट कोर्ट, गरीब अशिलांसाठीचं काम. फक्त नोट्स उतरवून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सगळं नवलाचं होतं. मेनन 2019 साली गेले, तोवर त्या नमुन्यावर देशभर विधी विद्यापीठं झाली होती. 2008 पासून त्यांच्यासाठी क्लॅट ही सामायिक परीक्षा आली. महाराष्ट्राने मात्र आपल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा कायदा 2014 साली केला, आणि हा उशीर मला अजून खुपतो.

आपल्याकडे तोवर विद्यापीठांचे पाच वर्षांचे अभ्यासक्रम होतेच. पुण्यात तीन वर्षांनी बी.एस.एल., मुंबईत बी.एल.एस., पाच वर्षांनी एलएल.बी. मधली ही पदवी मला फार शहाणपणाची वाटते. घरची परिस्थिती बिघडली आणि शिक्षण थांबलं, तरी हातात पदवी असायची. दोष एवढाच की अनेक कॉलेजांत अर्थशास्त्राचे तास वेगळे आणि कायद्याचे वेगळे, त्यांची गाठच पडत नाही. माझं बी.कॉम. मला चेक न वटल्याच्या खटल्यांत, अशिलाच्या खातेवह्या वाचताना रोज उपयोगी पडलं. ही सांगड वर्गातच घालून द्यावी, हाच तर पाच वर्षांमागचा विचार होता.

एप्रिल 2024 मध्ये बारावीनंतर तीनच वर्षांत एलएल.बी. द्यावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि न्यायालयाने ती विचारात घ्यायला नकार दिला. मला हे पटलं. पाचातली दोन वर्षं अशी गेली तर पहिला घाव इतिहास-अर्थशास्त्रावर पडेल. तसाच पदवीनंतरचा त्रैवार्षिक वर्गही राहिला पाहिजे. चाळिशीतले शिक्षक, बँकेतले कारकून, मुलं मोठी झाल्यावर आलेल्या गृहिणी अजून तिथूनच वकील होतात, आणि तालुका कोर्टात त्यांना लोक विश्वासाने वकीलपत्र देतात.