अर्थ कुठल्या बाजूला?

जुन्या गाडीच्या वायरिंगचा विषय निघाला की ब्रिटनपासून मुंबईपर्यंत एकच नाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं: बर्मिंगहॅमची लुकास कंपनी. तिच्या संस्थापकाला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याची प्रथा मोटारशौकिनांत इतकी मुरली आहे की जुन्या गाडीचा दिवा विझला तर माल वाईट होता, असा निकाल तपासाआधीच लागतो. हा निकाल मला अर्धवट वाटतो. जुन्या गाडीतला विजेचा बिघाड शोधणं अवघड झालं ते मालाच्या दर्जापेक्षा एका साध्या गोष्टीमुळे: बॅटरीचं कुठलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं, यावर मोटारजगात अनेक दशकं एकमत नव्हतं. आणि त्या मतभेदाचा सगळ्यात चांगला पुरावा बर्मिंगहॅमपेक्षा मुंबईच्या रस्त्यावर सापडतो.

गाडीत दिव्याकडे सहसा एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं एक टोक जाड पट्टीने बॉडीला आवळलेलं असतं, आणि दिवा, हॉर्न, वायपर सगळे आपापल्या जागी पत्र्याला टेकून करंट परत पाठवतात. मिस्त्री याला ‘अर्थ’ म्हणतात आणि ही वाट तुटली की ‘अर्थ लागत नाही’ म्हणतात. मराठी कानाला हे वाक्य दोनदा खरं वाटतं. आता पत्र्याला प्लस टेकवा की मायनस, साध्या बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं. त्यामुळे ज्याने त्याने आपली रीत पाडली. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या अमेरिकी गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या आणि पत्र्याला प्लस. त्याच देशाची शेव्हरोले सहा व्होल्टचीच, पण पत्र्याला मायनस. ब्रिटिश गाड्या बारा व्होल्टकडे गेल्या तरी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या पत्र्याला प्लसच होता. त्याने गंज कमी धरतो आणि प्लगची ठिणगी चांगली पडते, असं त्या काळी सांगितलं जाई. इटलीची फियाट बारा व्होल्ट, पत्र्याला मायनस. ज्या शहरात एकाच देशाच्या गाड्या धावत होत्या, तिथे हा गोंधळ कुणाला जाणवलाही नसेल.

मुंबईचं तसं नव्हतं. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडल्या व पन्नाशीच्या मध्यापासून फियाट ११००. म्हणजे एकाच फाटकातून काही वर्षांच्या अंतराने सहा व्होल्ट प्लस अर्थ आणि बारा व्होल्ट मायनस अर्थ अशा दोन भिन्न कुळांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या जोडीला बंगालातल्या उत्तरपाड्याची, मॉरिसच्या वंशातली लँडमास्टर आणि मागाहून अँबॅसेडर: बारा व्होल्ट, प्लस अर्थ. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथली जुळणी थांबवली, पण आधी विकलेल्या शेव्हरोले काही रस्त्यावरून उठल्या नाहीत. आयात आवळली गेल्याने जुनी गाडी मोडीत काढणं परवडणारं नव्हतं. ती दुरुस्त करत राहणं भागच होतं. त्यामुळे इतरत्र पिढ्यापिढ्यांनी मागे पडलेल्या चार रीती इथे एकाच सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. इंजिनचा मिस्त्री तारेला हात न लावता ‘ते वायरमनचं काम’ म्हणून मोकळा होतो, त्या श्रमविभागणीचं मूळ मला इथे दिसतं. भाषेतही त्याचा गाळ उरला आहे. डिस्ट्रिब्युटरला जुने मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात, म्हणजे अमेरिकेतल्या डेटनच्या कंपनीचं नाव; तोच शब्द ते इटालियन फियाटला लावतात आणि इंग्रजी वंशाच्या अँबॅसेडरलाही. शब्द एका देशाचा, गाडी दुसऱ्या देशाची आणि दुरुस्ती कुर्ल्याची.

या वायरमनच्या हत्याराकडे बघून कुणी नाक मुरडतं: एक बल्ब, त्याला दोन तारा, झालं. अडाणीपणाचं लक्षण म्हणून त्याकडे बोट दाखवलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. त्या काळच्या काट्याच्या व्होल्टमीटरची एक तार सवयीने पत्र्याला लावली, तर प्लस अर्थच्या गाडीत काटा शून्याच्या मागे जाऊन आपटतो. बल्बला दिशा नसते. त्याची एक तार बॅटरीच्या जिवंत टोकाला लावा, दुसरी संशयित पत्र्याला टेकवा. पेटला तर अर्थ शाबूत, मिणमिणला तर गंज. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा बल्ब फिका लागतो, म्हणजे व्होल्टेजही तोच सांगतो. चार रीतींच्या शहरात चारही ठिकाणी खरं बोलणारं एवढं एकच स्वस्त हत्यार होतं. ब्रेक दाबला की मागचा दिवा लख्ख होण्याऐवजी पुढचे साइड लाइट मंद पेटतात, ही जुन्या गाडीतली नेहमीची तक्रार घ्या. बघणाऱ्याला वाटतं की तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. प्रत्यक्षात मागच्या दिव्याचा होल्डर जिथे पत्र्याला टेकतो तिथे पावसाळ्याने गंज धरलेला असतो. ब्रेकच्या करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या दुसऱ्या तंतूतून उलटा शिरून पुढच्या दिव्यांमार्फत पत्रा गाठतो. होल्डरपासून स्वच्छ पत्र्यापर्यंत वीतभर तार धरली की सगळं जागेवर येतं. यात लुकासचा दोष शून्य. समुद्राच्या खाऱ्या हवेचा बराच.

यावर खरा आक्षेप असा: बल्बला दिशा कळत नाही, तर प्लस-मायनसचं एवढं कौतुक कशाला? कारण बॅटरी भरणाऱ्या डायनामोला दिशा असते. त्याच्या लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्वच तो कुठल्या बाजूने करंट देणार हे ठरवतं. बॅटरी उलटी जोडली आणि डायनामोला नवी दिशा शिकवली नाही, तर दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि दोघांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआऊटचे पॉइंट जळून चिकटतात. लुकासच्या डायनामोला शिकवण्याची रीत अशी की त्याच्या तारा सोडवून बॅटरीच्या जिवंत टोकाची तार ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर टेकवायची. ठिणगी उडाली की काम झालं. चूक एवढ्यावर निभावत होती तोवर मतभेद चालून गेले. मग ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला आणि डायनामोच्या जागी डायोडवर चालणारा आल्टरनेटर. डायोडला एकच दिशा माहीत असते. बॅटरी उलटी लागली की तो माफी न देता जळतो. क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलियंटला आल्टरनेटर दिला, ब्रिटिश एमजीबीने १९६७ मध्ये आल्टरनेटरबरोबर पत्र्याला मायनस लावला, आणि हळूहळू सारं जग मायनसवर आलं.

माल खरंच चांगला होता का, हा दुसरा आक्षेप. सगळा नव्हता, हे मान्य. रबर आणि सुताचं वेष्टण असलेल्या तारा काही वर्षांत तडकत, आणि गाडी उभी असताना डायनामो जवळपास काहीच देत नसल्याने शहरी गर्दीत रात्रीची बॅटरी खचायचीच. पण वाईट मालाचा बिघाड निदान एका जागी असतो आणि तो भाग बदलला की मिटतो. रीत न कळल्यामुळे केलेली दुरुस्ती मात्र स्वतःच पुढचा बिघाड होऊन बसते. लुकासच्या रंगांत काळी तार म्हणजे अर्थ आणि हिरवी म्हणजे फ्यूजमधून आलेली, चावी फिरवली की जिवंत होणारी. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये हिरवी तार अर्थची. घरचं काम करणाऱ्या हाताने गाडीतली हिरवी तार निर्धास्तपणे पत्र्याला आवळली, तर उडालेल्या फ्यूजचं खापर बर्मिंगहॅमवर फोडण्यात अर्थ नाही.

कुर्ल्याच्या त्याच फियाटच्या वंशातली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात टॅक्सीतळावरून नाहीशी झाली. आता जुन्या गाड्या हौशी लोकांच्या घरी आहेत, आणि मधल्या कुणा मालकाने रेडिओसाठी अर्थ बदलला असेल तर छापील माहितीपुस्तकही फसवू शकतं. अशी गाडी हाती आली तर आधी बॅटरीची जाड पट्टी कुठल्या टोकावरून पत्र्याला गेली आहे ते बघा, मग ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी कॉईल बघा. तिच्यावर प्लस-मायनसच्या खुणांऐवजी ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ ही अक्षरं असतील तर ती बहुधा प्लस अर्थच्या काळातली आहे. पट्टी आणि कॉईल यांचं जमत नसेल, तर मधे कुणाचा तरी हात फिरला आहे; त्याने काय काय बदललं हे कळेपर्यंत नवी बॅटरी जोडू नका.