संगणकाच्या झोपेचा इतिहास



गेल्या डिसेंबरात पुण्याला निघालो तेव्हाची गोष्ट. शिकागोला विमानात बसण्याआधी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि सॅकमध्ये टाकला, नेहमीसारखा. फ्रँकफर्टला विमान बदलताना पाठ चांगलीच शेकायला लागली. उघडून बघतो तर पंखा भणभणतोय, बॅटरी ९ टक्के. घरी पोचेपर्यंत मशीन मेलं होतं आणि सेव्ह न केलेलं कामही त्याच्याबरोबर गेलं. पुढच्या आठवड्यात बॅटरी फुगली ती वेगळीच. बाबा म्हणाले, "बंद नव्हता केलास?" म्हटलं, "झोपवला होता." त्यावर ते म्हणाले, "मग झोप लागली नाही वाटतं त्याला."

बाबांच्या घरात काहीही वापरून झालं की भिंतीवरचं बटण बंद होतं. टीव्ही असो, मिक्सर असो. इथे अमेरिकेत भिंतीवरच्या सॉकेटला बटणच नसतं, त्यामुळे प्लग उपटल्याशिवाय काही खरंखुरं बंद होत नाही. पण संगणकाला झोपवायची पद्धत मात्र बऱ्याच अंशी याच देशात ठरली. गेली बारा-तेरा वर्षं मी याच धंद्यात आहे, तरी ती कशी ठरली हे मला सॅक भाजल्यावरच नीट वाचावंसं वाटलं.

आधी एक गैरसमज. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये (चपला बाहेर, एसी आत, आणि जाडजूड काचेचे मॉनिटर) एक सर सांगायचे, "स्क्रीनसेव्हर लावून जा, वीज वाचते." अजिबात नाही! स्क्रीनसेव्हर आला तो पडदा वाचवायला. काचेच्या मॉनिटरवर तीच अक्षरं तासन् तास राहिली की आतल्या फॉस्फरवर त्यांचा कायमचा ठसा उमटायचा. जॉन सोचा यांनी १९८३ च्या अखेरीस आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम मासिकात छापला. काही मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की तो पडदा काळा करायचा, बस. पुढे १९८९ मध्ये 'आफ्टर डार्क' आलं, त्यात पंख लावलेले टोस्टर उडायला लागले आणि मूळ हेतू लोक विसरूनच गेले. टोस्टर उडत असताना मॉनिटर चालूच, आणि ते काढायला प्रोसेसरही कामाला! १९९९ मध्ये बर्कलीचं 'सेटी ॲट होम' आलं. त्यात तर स्क्रीनसेव्हरच्या नावाखाली लाखो रिकामे पीसी परग्रहावरचे संदेश शोधत बसले. प्रकल्प मोठा छान होता (२०२० च्या मार्चअखेर त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं), पण रिकाम्या संगणकाची वीज त्यात वाचत नव्हती, लागत होती.

विजेचा विचार सुरू झाला तो लॅपटॉपमुळे, बॅटरी पुरेना म्हणून. इंटेलने १९९० मध्ये ३८६एसएल हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर काढला. त्यात एक गुप्त खोली होती म्हणा ना. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत प्रोसेसर त्या खोलीत शिरायचा, डिस्क, पडदा वगैरे मंदावायचा आणि गुपचूप परत यायचा. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एपीएम आणलं, म्हणजे बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी झोपेबाबत एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम.

टेबलावरच्या पीसीला मात्र कशाची चिंता? वीज भिंतीतून येतेय, बिल कंपनी भरतेय. पीसी आणि मॉनिटर मिळून १२० वॅट धरा. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ असे सोळा तास कोणी नसताना चालू राहिले, तर एका टेबलामागे रात्रीत जवळपास दोन युनिट गेले. आता मजलेच्या मजले मोजा.

हे मोजलं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने. त्यांचा तेव्हाचा अंदाज असा की व्यापारी इमारतींच्या विजेतली ५ टक्के संगणक खातात, आणि त्यातले बरेच रात्रभर नुसतेच चालू असतात. १९९२ मध्ये जॉन हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 'एनर्जी स्टार' सुरू केलं. आज ते चिन्ह फ्रिजवर दिसतं, पण सुरुवात संगणक आणि मॉनिटरपासून झाली. अट साधी होती: रिकामा असताना पीसीने ३० वॅटच्या आत यायचं, मॉनिटरनेही ३० च्या आत. सक्ती नाही, दंड नाही, पाळलं तर चिन्ह लावा.

असल्या ऐच्छिक योजनांचं काय होतं ते आपण जाणतो. पण एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटननी आदेश काढला की सरकारी खात्यांनी संगणक घ्यायचे ते एनर्जी स्टारचेच. इतकं मोठं गिऱ्हाईक असं बोलल्यावर कोण मागे राहणार? मला यातली हुशारी फार आवडते. कायदा न करता बाजार वळवला.

मॉनिटर लवकर शहाणे झाले. त्याच वर्षी व्हेसाने डीपीएमएस ठरवलं. पडद्याला आडवे आणि उभे असे दोन ताल सिग्नल जातात. एक थांबला तर डुलकी, दोन्ही थांबले तर झोप. नवी वायरही लागली नाही. पीसी मात्र हट्टी निघाले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेची माणसं पुढे रात्री ऑफिसांतून फिरून मशीनं मोजत होती, तर त्यांना मॉनिटर बहुतेक झोपलेले दिसत आणि पीसी टक्क जागे.

का? कारण झोपवायचं कोणी, हेच ठरत नव्हतं. एपीएममध्ये बायोस आपल्या मनाने झोपवायचा आणि वर चाललेल्या कामाचा विचका व्हायचा. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय आणलं आणि ही सत्ता ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. एस१ म्हणजे डुलकी. एस३ म्हणजे गाढ झोप, फक्त मेमरीला वीज. एस४ म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून चक्क कुंभकर्ण. इथे एक मासलेवाईक प्रकरण आहे. जानेवारी १९९९ ची बिल गेट्स यांची एक ईमेल पुढे आयोवाच्या खटल्यात बाहेर आली. एसीपीआय फक्त विंडोजवरच चालेल असं करता येईल का, असा विचार त्यांनी त्यात बोलून दाखवला होता. लिनक्सवाल्यांनी लॅपटॉप झोपवताना पुढे किती रात्री जागून काढल्या हे ज्यांनी भोगलंय त्यांना हसू येईल.

एक्सपीत एखाद्या प्रोग्रामला झोपेला 'नको' म्हणायचा अधिकार होता. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा तो काढून घेतला. व्हिस्टाला आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण हे काम त्याने चोख केलं. माझ्या पहिल्या नोकरीत मात्र टेबलाटेबलावर चिठ्ठी होती: 'रात्री मशीन बंद करू नये, अपडेट येतात.' झोपलेल्या मशीनला नेटवर्कवरून उठवायची युक्ती, वेक-ऑन-लॅन, १९९७ पासून बाजारात होती. ती चालू करायला कोणाला वेळ नव्हता, मलाही नाही.

तोवर 'बंद' या शब्दाचाच अर्थ बदलला होता. १९९५ च्या एटीएक्सपासून पुढचं बटण वीज तोडत नाही, मदरबोर्डला नुसती विनंती करतं. पाच व्होल्टची एक तार जागीच राहते. बर्कलीच्या ॲलन मायर यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी मांडलं की कुठलंही यंत्र वापरात नसताना १ वॅटच्या वर जायला नको. बुशनी २००१ मध्ये सरकारी खरेदीला तोच दंडक लावला, आणि युरोपने २०१० मध्ये १ वॅटची व २०१३ मध्ये अर्ध्या वॅटची सक्तीच केली.

आणि मग, इतकं सगळं जमल्यावर, २०१२ च्या सुमारास फोनसारखी झोप लॅपटॉपमध्ये आली. पडदा बंद, पण मशीन अधूनमधून उठून मेल बघतं, अपडेट घेतं. शास्त्रीय नाव एस०. आपली श्वाननिद्रा. नीट जमली तर वीज खरंच कमी लागते आणि चटकन जागही येते. एखादा ड्रायव्हर अडून बसला तर मात्र सॅकमध्ये चूल पेटते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस३ हा पर्यायच उरलेला नाही. माझ्या मशीनमध्ये शोधला, तिथेही नाही.

परत निघताना मी बाबांसमोरच लॅपटॉप हायबरनेट केला, दिवा विझेपर्यंत थांबलो आणि मगच सॅकमध्ये घातला. बाबांनी उठून चार्जरचं बटण बंद केलं.

चूभूद्याघ्या.