दोन रेघांची कुळकथा

कोविडच्या काळात घरोघरी पोचलेली चाचणीची पट्टी मुळात विषाणूसाठी जन्मली नव्हती. तिचं माहेर गर्भधारणेच्या चाचणीत आहे.

1967 साली न्यू जर्सीतल्या ऑर्गॅनॉन या औषध कंपनीत मार्गारेट क्रेन ही ग्राफिक डिझायनर काम करत होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिला ओळीने लावलेल्या काचनळ्या दिसल्या, खाली आरसा. या गर्भधारणेच्या चाचण्या आहेत आणि निकाल आधी डॉक्टरांकडे जातो, हे कळल्यावर तिला वाटलं, हे तर बाईला घरीच पाहता येईल! क्लिपा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीतून तिने नमुना घडवला. 1971 मध्ये ती चाचणी कॅनडात विक्रीला आली. रेघेची काडी मात्र 1988 ची, ब्रिटनमधल्या क्लिअरब्लूची.

दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा द्रव पट्टीतून सरकतो. वाटेत रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडं हवा तो रेणू पकडतात, पुढे हा सगळा मेळ एका जागी अडतो आणि रेघ उमटते. गर्भधारणेचं संप्रेरक सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. गर्भ असेल, तर आज न दिसलेली रेघ चार दिवसांनी बहुधा दिसते. विषाणू असा सरळ चढत जात नाही. तो वाढतो, ओसरतो, आणि नाकात काडी नीट फिरली नाही तर हातीच लागत नाही. पट्टीवर ‘सी’ या अक्षरापाशी उमटणारी दुसरी, पडताळणीची रेघ एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत पोचला. नमुना चांगला घेतला होता की नाही, ते तिला ठाऊक नसतं. माझ्या मते खरी फसगत इथेच होते.

2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली एचआयव्हीची घरगुती चाचणीही बाधा असलेल्या सुमारे 12 जणांपैकी एकाला ‘नाही’ सांगत होती. बाधा नसलेल्या 5000 जणांत मात्र जेमतेम एकाला चुकून ‘आहे’. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या 250 रुपयांच्या ‘कोविसेल्फ’ला परवानगी देताना आयसीएमआरनेही हाच भेद पाळला: ‘आहे’ आलं तर पुन्हा तपासणी नको, लक्षणं असून ‘नाही’ आलं तर लगेच प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर चाचणी.

म्हणून अंगात ताप असताना कोविडच्या पट्टीवर ‘सी’ची एकच रेघ दिसली, तर निर्धास्त होऊ नका. आरटीपीसीआर करून घ्या. ते जमत नसेल तर 48 तासांनी पुन्हा तपासा. आणि तोवर घरातल्या आजी-आजोबांच्या खोलीत जाऊ नका.