गोविंदाच्या बक्षिसाची वाटणी

काल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने त्या एकत्र कालवल्या आणि सगळे एका पंगतीला बसले. वारकऱ्यांनी या गोष्टीला आषाढी पौर्णिमेचा दिवस दिला. त्या दिवशी पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला होतो आणि मगच वारी संपते. हीच गुरुपौर्णिमा. याच दिवशी मुंबई-ठाण्यातली कितीतरी गोविंदा पथकं सरावाचा नारळ फोडतात. हा नुसता योगायोग असेल, पण पथकांच्या पैशाचा विचार करताना तो मनात राहतो, कारण काल्यात गेलेली शिदोरी पुन्हा वेगळी काढता येत नाही. पथकाला मिळालेलं बक्षीस माणशी वाटायचं नाही, ते मंडळाचं, ही रीत गिरणगावच्या पोरांनी पाडली. ती न्याय्य होती आणि आजही न्याय्य आहे, असं माझं म्हणणं आहे. मात्र ती चिल्लरीच्या काळात घडली. रकमा लाखांत गेल्यावर तिच्यातली एक उणीव उघडी पडली: थरावरून पडणाऱ्याचा हक्क तिने कधी धरलाच नव्हता.

लालबाग, परळ, माझगाव, गिरगाव या भागांतल्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-वीस जणांनी राहत असे. गावकीच्या खोलीचं भाडं, खानावळीचं बिल, गावच्या देवळाची वर्गणी, सगळं सामाईक. त्यांच्या पुढच्या पिढीने कबड्डीचे संघ, व्यायामशाळा आणि गल्लीची मंडळं काढली, आणि गोविंदाही याच मंडळांचा. दोन चाळींच्या मधे दोर बांधून हंडी टांगायची, हंडीला नोटा बांधायच्या, वरच्या गॅलरीतून पाणी ओतायचं. हंडी फोडली की त्या नोटा आणि दुकानदाराने किंवा चाळीच्या मालकाने दिलेलं बक्षीस मंडळातल्या एखाद्या थोराड, भरवशाच्या माणसाच्या पिशवीत जायचं. संध्याकाळी पोरांचं खाणं आणि बाजेवाल्याचे पैसे भागले की उरायचं किती? जे उरे ते गणपतीला. श्रावण वद्य नवमी ते भाद्रपद शुद्ध चतुर्थी हे अंतर जेमतेम दहा दिवसांचं, आणि थर लावणारी पोरं तीच मंडपाच्या बल्ल्या उभी करणारी. न वाटण्याच्या या रीतीमागे त्यागाची भावना होती असं म्हणण्याचा मोह होतो, पण मला हे कॅलेंडरचं कारण जास्त खरं वाटतं. पैसा थोडा होता, आणि त्याच पोरांना दहा दिवसांनी लागणारच होता.

वाटणी कशी करावी हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं, असं मात्र मुळीच नाही. उलट आपल्याकडे वाटणीचं शास्त्र फार जुनं आणि फार बारीक आहे. गावगाड्यात बलुतेदारांचा वाटा थोरली, मधली आणि धाकटी अशा कासांनी ठरे. सुतार-लोहाराला किती पेंढ्या आणि न्हाव्या-परटाला किती, हे खळ्यावर भांडणं होऊनही पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीचे वाटे पडतात. त्यात जाळ्याचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा, म्हणजे भांडवल आणि श्रम यांचा हिशोब वाळूवरच मिटतो. हे सगळं पाहत वाढलेल्या माणसांच्या पोरांनी गोविंदाच्या पैशाला यातलं काहीच लावलं नाही. बलुत्याची प्रत लावली असती तर तळाचा मोठा की वरचा मोठा, हा वाद गल्लीतच पेटला असता. रापणीचा हिशोब लावावा तर इथे जाळं कुणाचंच नव्हतं.

आणि खरोखरच, थरातलं काम मोजायचं कसं? नऊ थर लावायचे तर वर चढणारे मोजके, पण पायाशी शे-दोनशे माणसं एकमेकांना रेटून उभी असतात. पायातल्या माणसाला हंडी दिसतही नाही. मान खाली, पुढच्याच्या पाठीला छाती टेकलेली, खांद्यावर दुसऱ्या थराचे पाय, आणि वर काय चाललंय ते फक्त भार वाढला की कळतं. मधल्या थरातल्याच्या पोटऱ्या लटपटल्या तर खालचे आणि वरचे दोघेही जातात. सगळ्यांत वरचा एक्का वजनाने हलका, कष्टाने कमी, पण पडला तर सगळ्यांत उंचावरून. श्रमाने मोजलं तर पाया मोठा ठरतो आणि धोक्याने मोजलं तर एक्का. कौशल्य धरलं तर मधले, आणि सरावाची हजेरी धरली तर रोज रात्री येणारा तो मुलगा, ज्याला ऐन दिवशी थरात जागाच मिळाली नाही. यातलं कोणतंही एक माप घ्या, बाकीच्या तिघांवर अन्याय होतो. समान वाटे करावेत तरी ते समान फक्त दिसतात. जिथे प्रत्येकाचा वाटा वेगळा काढण्याची खटपटच खोटी ठरते, तिथे रक्कम सामाईक ठेवणं हीच त्यातल्या त्यात खरी वाटणी.

हा युक्तिवाद पाचशे-हजार रुपयांना कुणीही मान्य केला असता. कसोटी लागली ती पुढे. 1982 चा संप झाला, गिरण्या मिटत गेल्या, चाळीतली कुटुंबं उपनगरांत पांगली, आणि गोविंदाचं केंद्रही सरकलं. ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांची हंडी मानाची झाली होती. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या पुढाऱ्यांनी त्याच शहरात एकमेकांच्या चढाओढीत हंड्या बांधल्या. हंडी फोडणाऱ्यालाच बक्षीस, हा जुना नियम गेला आणि सलामीचा दर आला: सात थरांना इतके, आठला इतके, नऊला लाखांत. चाळीचा शेजारी जाऊन आयोजक आला, आणि मागे त्याच्या फोटोचा फलक. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात 13.34 मीटर उंचीचे नऊ थर लावून गिनेस बुकात नाव नोंदवलं. 2025 मध्ये त्याच ठाण्यात कोकण नगर पथकाने दहा थर लावले. एवढ्या रकमा आल्यावर पहिला प्रश्न विचारला गेला तो पथकाच्या आतून: पैसे गेले कुठे?

आक्षेप तिथूनच सुरू होतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की ‘मंडळाचं’ म्हणजे व्यवहारात अध्यक्षाचं आणि त्याच्या मागच्या पुढाऱ्याचं. पोरांना टी-शर्ट आणि बसमधली जागा, बाकीचं देव जाणे. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण हा दोष न वाटण्याचा नाही, न सांगण्याचा आहे. माणशी वाटायचं ठरवलं तरी एकूण किती आले हे ज्याला कळत नाही त्याला आपला वाटा बरोबर आहे की नाही तेही कळणार नाही. दुसरा आक्षेप फुकट्यांचा: महिनाभर सरावाला न फिरकता दहीहंडीच्या सकाळी टी-शर्ट मागायला येणारे. सामाईक फंडात अशांचं फावतं, हे खरं. मात्र त्यांना जे मिळतं ते टी-शर्ट आणि वडापाव एवढंच. माणशी वाटे पडू लागले की हेच लोक वाट्याला उभे राहतील, आणि त्यांना हाकलायला हजेरीपट, दंड, तक्रार-निवारण असं सगळं उभारावं लागेल. मग ते पथक राहत नाही, ठेकेदारी होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. जो कॉलेजात शिकतो त्याचे सरावात फक्त संध्याकाळचे तास जातात. जो डिलिव्हरीचं किंवा रोजंदारीचं काम करतो त्याची दहीहंडीच्या दिवसाची मजुरी बुडते, कधी सरावाच्या रात्रीची पाळीही. सामाईक फंड या दोघांना सारखं वागवतो म्हणजे गरिबाकडून जास्त घेतो. याला उत्तर आहे, पण ते वाट्याचं नाही. बुडालेली मजुरी हा पथकाचा खर्च धरावा, जसं बसचं भाडं आणि हेल्मेटची किंमत धरतात. खर्च भरून देणं आणि बक्षीस वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्याने दुसरी करावी लागत नाही.

आता मूळ उणिवेकडे. चार थरांच्या काळात पडणारा खरचटून उठायचा, हळद लावून दुसऱ्या दिवशी कामाला जायचा. म्हणून जुन्या रीतीत जखमीचं खातंच नव्हतं. आठ-नऊ थरांवरून पडणारा मणक्याला इजा होऊन वर्षानुवर्षं अंथरुणावर राहू शकतो, आणि तोवर त्या वर्षीचं बक्षीस टी-शर्ट, बस, गणपती आणि वह्यावाटपात संपलेलं असतं. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला 20 फुटांची आणि वयाला 18 वर्षांची मर्यादा घातली, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, 2017 मध्ये उंचीचा निर्णय राज्य सरकारवर सोपवून किमान वय 14 धरलं गेलं. या सगळ्या वादात उंची आणि वय यांवर पानंच्या पानं खर्ची पडली. बक्षिसाच्या रकमेवर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न बाजूलाच राहिला. 2022 मध्ये सरकारने गोविंदाला साहसी खेळ म्हटलं आणि मृत्यूला 10 लाख, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख असं साहाय्य जाहीर केलं. 2023 मध्ये 50 हजार गोविंदांचा विमा सरकारने उतरवला, हप्ता माणशी 75 रुपये. चांगलं झालं. पण आयोजकाने लाखांचा फलक लावावा, पथकाने तो जिंकावा आणि पडलेल्याची जबाबदारी करदात्याने घ्यावी, ही वाटणी विचित्र आहे. आयोजकाने आपल्या हंडीच्या बक्षिसाइतकीच रक्कम जखमींसाठी बाजूला काढली पाहिजे, आणि पथकाने बक्षिसातला पहिला रुपया तिकडे वळवला पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. उत्सवासाठी लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्यांनी धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करून हिशोब ठेवावा, ही तरतूद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात आहेच. गणेशोत्सव मंडळं तिच्याखाली परवानगी घेतात. बहुतेक पथकं अशाच एखाद्या मंडळाची किंवा क्रीडा संघाची असतात. तेव्हा पथकाच्या पदाधिकाऱ्यांना विनंती एवढीच: कोणत्या हंडीवर किती मिळाले, गेले कशाला आणि जखमींच्या नावे किती ठेवले, हे गणपती बसायच्या आत फळ्यावर लिहा, आणि पुढच्या वर्षी टी-शर्टची ऑर्डर देण्याआधी विम्याची यादी पुरी करा. हप्त्यापेक्षा टी-शर्ट महाग पडतो.